पहिल्याच भेटीत हलकं वाटतं म्हणे!

महोदय,

कालच्या पुरवणीतला थेरपीविषयीच्या गैरसमजांवरचा लेख वाचला. हेतू चांगला आहे, त्याबद्दल आभारच. पण जुने गैरसमज झाडता झाडता लेखिकाबाईंनी एक नवा जन्माला घातला. म्हणे, पहिल्याच सेशनला मनावरचं ओझं उतरतं.

कुणाचं उतरतं हो? माझा निम्मा वेळ फॉर्म आणि प्रश्नांतच गेला. झोप कशी आहे, औषधं कुठली चालू आहेत, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. जीव द्यावासा वाटतो का, हेही थेरपिस्टबाईंनी भुकेची चौकशी करावी तितक्या सहज विचारलं. मी चांगलाच दचकलो. (हा प्रश्न बहुतेकांना विचारतात आणि विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही, हे एका ओळीत सांगता आलं असतं.) शेवटी कुठे धाकट्या भावाचा विषय माझ्या तोंडून निघाला, टिश्यूच्या खोक्याकडे हात गेला, तोवर पन्नास मिनिटं संपली होती. घरी आलो तो गेलो होतो त्याहून बेजार होऊन. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे आपलं काम नव्हे असं ठरवलं आणि आठ महिने तिकडे फिरकलो नाही. पहिली भेट बरीचशी माहिती घेण्यातच जाते, सुरुवातीला त्रास वाढल्यासारखाही वाटतो, एवढं कुणी बोललं असतं तर ते आठ महिने वाचले असते. तुमचा लेख वाचून उद्या जाणारा माणूसही परवा माझ्यासारखाच घरी बसेल.

आणि ते चित्र! कोचावर आडवी बाई, उशाशी वही घेतलेला दाढीवाला. माणसाला कोचावर आडवं करून मनाचे उपचार करणारे फ्रॉइडसाहेब १९३९ साली गेले, त्यांचा कोच लंडनच्या संग्रहालयात आहे. तुमच्या चित्रकारांना कळवा. मी दीड वर्ष साध्या खुर्चीत बसतोय.

जाता जाता आणखी एक. 'किती सेशन लागतात?' या प्रश्नाखाली 'उर्वरित मजकूर पान ६ वर' असं छापलंय. सीबीटीच्या, म्हणजे विचारांच्या नि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीच्या, साधारण ६ ते २० भेटी धरतात, इतपत मला ठाऊक आहे. माझं गणित त्यात बसलं नाही, ते सोडा. पुढचं वाचायला पान ६ उघडलं, तर तिथे पंख्यांची पानभर जाहिरात.

आपला,
एक जुना वाचक