बर्लिंगला हसण्यावारी नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’च्या मराठी प्रयोगावरचं आपल्या रविवारच्या अंकातलं टिपण वाचलं. रत्नागिरीतल्या हौशी मंडळींचा तो प्रयोग मीही पाहिला. टिपणात आर्थर बर्लिंगची भूमिका ‘धमाल’ झाली असं म्हटलंय. मला नेमकं तेच खटकलं.

प्रेक्षक हसले, हे खरं. १९१२ सालचा हा कारखानदार मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणावर ठासून सांगतो, युद्ध होणार नाही, टायटॅनिक बुडणं शक्यच नाही. जे. बी. प्रीस्टली या इंग्रज नाटककाराचं हे नाटक रंगभूमीवर आलं १९४५ साली, तोवर जगाने दोन महायुद्धं भोगली होती. त्यामुळे हशा हमखास येतो. माझं माहेर रेवसकडचं. १७ जुलै १९४७ला रामदास बोट बुडाली, त्यात गेलेल्यांची नावं आमच्या घरात अजून घेतात. मला तिथे हसू आलं नाही.

पण हशाच्या नादात नटाने पुढचा सगळा बर्लिंग कोकणातल्या नमन-खेळातल्या संकासुरासारखा नाचवला, याचं जास्त वाईट वाटलं. बर्लिंग सोंगाड्या नाही. तो लॉर्ड मेयर होऊन गेलाय, अजून मॅजिस्ट्रेट आहे, ‘सर’ किताबाची वाट बघतोय. होणाऱ्या जावयाचं घराणं आपल्याहून वरचं, हे त्याला टोचतं, म्हणून किताबाची बातमी तो त्याच्या कानावर घालतो. हे सगळं हास्यास्पद आहे, कबूल. पण त्याचा गुन्हा इथे नाही, पगाराच्या आकड्यात आहे. त्याच्या कारखान्यातल्या इव्हा स्मिथ आणि तिच्या सोबतिणींना आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंग मिळत, त्यांनी पंचवीस मागितले. म्हणजे नऊ रुपयांचे दहा करा, एवढंच. त्याने नाही म्हटलं, संप मोडला आणि पुढाकार घेणाऱ्या चार-पाच जणींना परत घेतलं नाही. इव्हा त्यांतली एक. यात त्याने कायदा मोडला नाही, आवाजही चढवला नाही. पुढे इव्हाने जीव दिल्याचं इन्स्पेक्टर येऊन सांगतो, तेव्हाही त्याला आधी बोभाट्याची भीती वाटते.

मी कोळंबी सोलण्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं हजेरी लिहायचे. बर्फातल्या कोळंबीने बायकांची बोटं पांढरी पडायची. एका पावसाळ्यानंतर त्यांनी किलोमागे एक रुपया वाढवून मागितला. मालक चांगला माणूस होता, सणाला साड्या वाटायचा. शांतपणे म्हणाला, “आज एक दिला तर उद्या दोन मागतील.” दुसऱ्या दिवशी चौघींच्या नावांवर मी लाल शाईने रेघ मारली. त्या पुढे कुठे गेल्या, मी विचारलं नाही. नाटकात इन्स्पेक्टर बर्लिंगपुढे इव्हाचा फोटो धरतो, तेव्हा मला माझं हजेरीपुस्तक दिसत होतं. आणि नेमका त्याच वेळी त्या नटाने चष्मा पुसण्याचा विनोद केला.

दिग्दर्शकांना माझी विनंती आहे. पुढच्या प्रयोगात ‘नाही’ म्हणणारं ते वाक्य नटाने हळू म्हणावं, वहीतली बेरीज वाचावी तसं. आमचे मालक तसंच म्हणाले होते.

आपली,
एक निवृत्त हजेरी कारकून, रत्नागिरी