ऑपरेशननंतर घरी, लीड्सहून

तीर्थरूप आई व बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, वजन उतरले पण हाडे राहतील का, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही. या ऑपरेशनने हाडे कमकुवत होतात, असे काकूंनी तुला सांगितले ते अगदीच खोटे नाही. मात्र मी उपाशी राहते, हा तुझा समज चुकीचा आहे. वजन उतरवण्याच्या माझ्या या ऑपरेशनमध्ये, म्हणजे जठराच्या बायपासमध्ये, जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढच्या भागात जोडतात. त्यामुळे अन्न लवकर खाली पोहोचते, जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आतड्यातील संप्रेरके पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतात आणि अर्ध्या भाकरीतच मन तृप्त होते. माझी साखरेची गोळीसुद्धा बंद झाली, हे काकूंना अवश्य सांग.

आता हाडांविषयी. आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागाला वळसा दिला, तिथेच कॅल्शियम उत्तम शोषले जाते. ते कमी पडले की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढून हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढते. शिवाय वजन घटल्याने हाडांवरचा भारही उतरतो, म्हणून घनता थोडी कमी होते. यासाठीच मी कॅल्शियम सायट्रेट दिवसातून विभागून घेते, एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम, आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर ठेवते. रक्ततपासणीही वेळेवर होते.

इथली एक तऱ्हा मात्र तुम्हाला पटणार नाही. आपण सोलापूरकर उन्हापासून तोंड लपवतो, तर इथे जरा ऊन पडले की कचेरीतली माणसे डबे घेऊन हिरवळीवर येतात, कोट काढतात, बाह्या सरसावतात, कोणी सरळ उताणे पडते. त्यांना वेडे म्हणावे, तर ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, म्हणून हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार सर्वांनी करावा, असे सरकारच सांगते. माझी मात्रा अर्थातच जास्त आहे.

पंढरपूरच्या स्थळाला ऑपरेशनचे स्पष्ट सांगावे. त्यानंतर १२ ते १८ महिने गरोदरपण टाळावयाचे असते, हेही त्यांना आधीच कळलेले बरे. रजा सगळी संपल्यामुळे गड्ड्याच्या यात्रेला येणे जमणार नाही. तुम्ही दोघे मजेत जाऊन या, मी अगदी आनंदात आहे. काही रजा बिनपगारी गेली, म्हणून मागाच्या कर्जाचा हप्ता या महिन्यात निम्माच पाठवला आहे. उरलेला पुढच्या पगारात येईल, बाबांनी त्यासाठी कोणाकडे शब्द टाकू नये.

तुमची,
सुनंदा