टॉवेल कुणाच्या हातात?

संपादक महोदय,

बॉक्सिंगसारख्या लढतीच्या खेळात रिंगमध्ये कुणाचा जीव गेला की आठवडाभर दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हे असले खेळ बंदच करा. दुसरा म्हणतो, जाणती माणसं स्वखुशीने लढतात, सरकारने मध्ये का पडावं? मी बारा वर्षं बॉक्सरच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात, पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभा राहिलो आहे. मला दोन्ही पटत नाही. मला हवं आहे ते सरकारी नियमन.

दोन फेऱ्यांच्या मधे एकच मिनिट मिळतं. तेवढ्यात खेळाडूला स्टुलावर बसवायचं, तोंडातला गार्ड काढून धुवायचा, भुवईवरची जखम दाबून धरायची आणि डोळ्यांत नीट बघून घ्यायचं. एकदा माझ्या एका मुलाला विचारलं, "कितवी फेरी संपली?" तो म्हणाला, "सर, मी ठीक आहे." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. फेरीचा आकडा काही त्याच्या तोंडून आला नाही. मी रिंगमध्ये टॉवेल टाकला, म्हणजे लढत थांबवायला लावली. तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही आणि आयोजक तर माझ्यावर धावूनच आला. त्या रात्री डॉक्टर म्हणून बसलेले गृहस्थ त्याच आयोजकाने बोलावलेले होते. लढत थांबवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. रुग्णवाहिका नव्हतीच.

म्हणून 'स्वखुशीने' हा शब्द ऐकला की मला राग येतो. डोक्याला मार बसलेल्या माणसाची खुशी कसली धरता? जुलै 2019 मध्ये अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव या बॉक्सरला अकराव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक बडी मॅकगर्ट अक्षरशः विनवत होते, आता थांबू या. तो मान हलवून नकार देत राहिला. मॅकगर्ट यांनी लढत थांबवली, तरी चार दिवसांनी तो गेला.

सरकारी नियमन म्हणजे नेमकं काय हवं, हे ब्रिटिश बॉक्सर मायकेल वॉटसनच्या खटल्यातून कळतं. सप्टेंबर 1991 मध्ये लंडनला ख्रिस युबँकविरुद्धची लढत बाराव्या फेरीत थांबली आणि वॉटसन कोसळला. डॉक्टर हजर होते. तरीही त्याला तपासायला सात मिनिटं गेली, आणि श्वास सांभाळण्याचे उपचार रिंगजवळ झालेच नाहीत. पहिल्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती, म्हणून दुसरीकडे हलवावं लागलं. चाळीस दिवस तो बेशुद्ध होता. ब्रिटिश मुष्टियुद्ध मंडळाने काळजी घेण्याचं कर्तव्य पाळलं नाही, असा निकाल न्यायालयाने दिला आणि 2000 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. 2003 मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉन चालत पूर्ण केली, सहा दिवसांत. ते वाचून मी रडलो होतो.

बंदीवाल्यांची कळकळ मला कळते. नॉर्वेने 1981 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली आणि 2014 मध्ये उठवली. बंदीच्या काळातही तिथले व्यावसायिक लढत होतेच, फक्त परदेशात जाऊन. आणि खेळाकडे पाठ फिरवणंही तितकंच वाईट. 2016 मध्ये डब्लिनमध्ये जुआव कार्व्हालो हा एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला लढतीचा खेळ) खेळाडू लढतीनंतर दगावला, तेव्हा आयर्लंडमध्ये या खेळाला सरकारी मान्यताच नव्हती. मान्यता नाही, तर मग जबाबदार कोण? नियमांनी फरक पडतो. 1982 मध्ये दुक-कू किम या बॉक्सरच्या मृत्यूनंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. 1993 मध्ये जवळपास नियमांशिवाय सुरू झालेल्या एमएमएला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने वजनगट, फेऱ्या आणि निषिद्ध प्रहारांची चौकट दिली.

ठरलेल्या वजनगटात बसण्यासाठी घाईघाईने वजन उतरवण्याबद्दल फार कमी बोललं जातं. मी मुलांना उन्हात जाड जॅकेट घालून पळताना पाहिलंय, वजनकाट्यावर चढण्याआधी तोंडातली थुंकीसुद्धा थुंकताना पाहिलंय. 2015 मध्ये यांग जियान बिंग हा 21 वर्षांचा खेळाडू मनिलात असं वजन उतरवताना गेला. लढतीला उभाही राहिला नव्हता. वजनाबरोबर शरीरातल्या पाण्याची तपासणी कायद्यानेच सक्तीची करायला हवी.

एका प्रकाराला मात्र मी कुठलाही परवाना देणार नाही, तो म्हणजे थपडांच्या स्पर्धा. तिथे हात वर करायचा नाही, मान वळवायची नाही, नुसता मार खायचा. बचावच नसेल तर त्याला खेळ कसं म्हणायचं? अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने 2022 मध्ये त्यांना मान्यता दिली, ती माझ्या मते घोडचूक आहे.

बाकी खेळांसाठी मागणी साधी आहे. डॉक्टरची नेमणूक सरकारी मंडळाने करावी. आयोजकाने त्याचं मानधन मंडळाकडे भरावं, डॉक्टरच्या हातात देऊ नये. लढत थांबवण्याचा अधिकार पंचाइतकाच त्या डॉक्टरलाही असावा. रुग्णवाहिका दारात उभी राहिल्याशिवाय पहिली घंटा वाजू नये आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाला आधी कळवलेलं असावं. नॉकआउट झालेल्याची सक्तीची विश्रांती सगळीकडे लागू हवी, नाहीतर एका ठिकाणी अडवलेला मुलगा पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे लढतो. अमेरिकेने 1996 च्या कायद्यात राज्याराज्यांना एकमेकांचं निलंबन पाळायला लावलं. आणि हे सगळं झगमगाटातल्या लढतींइतकंच शे-दोनशे प्रेक्षकांसमोरच्या छोट्या लढतींनाही लागू करा. माझा तो मुलगा अशाच एका लढतीत उतरला होता.

आपला,
एक माजी बॉक्सिंग प्रशिक्षक