नानांच्या ऑपरेशनआधी

रामबाग, इंदूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोन ठेवला आणि नाना डोळ्यांपुढून हलेनात. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन या वयात झेपेल का, असं तू विचारलंस. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या अण्णांचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा ते ८१ चे. सर्जनांनी वयापेक्षा दुसरंच विचारलं: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, वजन किती उतरलं, वर्षभरात कुठे पडलात का. अण्णांना उठता येईना. हिमोग्लोबिन ८. आतडं तुंबलेलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. गाठ वाढेल या धास्तीने मी तेव्हा भांडलो होतो. आज वाटतं, त्याच तीन आठवड्यांनी त्यांना तारलं. शिरेतून लोह दिलं. दोन वेळा खुर्चीतून ऊठबस, दिवसभर थोडं थोडं फुफ्फुसांच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र श्वासाने ओढायचं. पोह्यांच्या जागी आईने मुगाची धिरडी आणि पनीर आणलं. नानांचं पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरेनासा झाला, तर मात्र क्षणभर थांबू नकोस.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्रीबद्दल आम्हाला कुणीच सावध केलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही. पहाटे तीनला मला आत बोलावलं. अण्णांचं डावं मनगट पट्टीने कठड्याला बांधलेलं. उजव्या हाताच्या चिमटीने ते चादरीवरून काहीतरी एकेक वेचत होते. मला म्हणाले, "मास्तर, मुंग्या फार झाल्यात." चष्मा आणि कानाचं मशीन हरवू नये म्हणून पिशवीत ठेवलेलं! दोन्ही लावलं, हात सोडवून घेतला, हातात धरला, सांगत राहिलो, "अण्णा, इंदूर, मंगळवार, पहाट आहे." मधेच ओळखायचे, पुन्हा हरवायचे. चार दिवस गेले त्यात. म्हातारपणी ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळांना होतो, हे नंतर कळलं.

तू आजच डॉक्टरांशी बोल. नाना झोपेची गोळी घेतात ते सांग. ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. कानाच्या मशीनचे जादा सेल आण. रात्री ओळखीचं माणूस उशाशी बसू देतील का, ते आधीच विचारून घे. आणि नानांशी दार लावून बोल. पोटावर शौचाची पिशवी लागली तर चालेल का, हे अण्णांना आम्ही विचारलंच नव्हतं. सगळं परस्पर ठरवलं. ते मला फार लागतं.

तारीख कळव. मी आदल्या दिवशी पुण्यात पोचतो. पहिल्या तीन रात्री माझ्या.

तुझा,
विनू