हाफकिनचा संचालक पूर्णवेळच हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

10 ऑगस्ट आला की परळच्या हाफकिन संस्थेच्या इतिहासाची उजळणी होते. 1899 साली याच दिवशी जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. त्याआधी, 10 जानेवारी 1897 रोजी, ही प्रयोगशाळा उभारणारे आणि पुढे संस्थेला ज्यांचं नाव मिळालं ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. हे सांगायलाच हवं. पण त्याच इतिहासातलं मुल्कोवाल प्रकरण समारंभात कुणी काढत नाही, आणि अशा संस्थेचा कारभार कसा चालावा हे कळायला नेमकं तेच वाचावं लागतं.

ऑक्टोबर 1902 च्या अखेरीस पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना लस दिली गेली. एकाच बाटलीतली लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने दगावले. पंजाब सरकारची मागणी लाखो डोसांची होती. उत्पादन वाढवण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेने लशीत घातलं जाणारं जंतुनाशक कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी आयोगाने त्यावरच बोट ठेवलं आणि हाफकिन यांचं पद गेलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, याकडे काणाडोळा झाला. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला 1907 उजाडलं. (वाचकांच्या पत्रांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी: मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहूनच मांडली होती.) परळचं पद मात्र त्यांना परत मिळालं नाही, त्यांना कलकत्त्याला जावं लागलं. डोस किती हवेत हे सरकारने ठरवलं, खापर शास्त्रज्ञाच्या माथी फुटलं. तांत्रिक निर्णय आधीच तपासून पाहील आणि संकटात शास्त्रज्ञाचं म्हणणं ऐकून घेईल, असं स्वतंत्र मंडळ मधे नव्हतंच.

पुढे साहिबसिंग सोखे हे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात संस्था लसींपाशी न थांबता जिवाणूंवर चालणाऱ्या सल्फा औषधांपर्यंत पोचली. दीर्घ कारकीर्द मिळालेला शास्त्रज्ञ काय करू शकतो, ते इथे दिसतं.

1975 मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचण्या संस्थेकडे राहिल्या. लस व औषधांचं उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेलं. कंपनीला व्यापारी मोकळीक मिळावी हा हेतू समजण्यासारखा होता, पण एकाच आवारात लस शोधणारे एका साहेबाखाली आणि बनवणारे दुसऱ्या साहेबाखाली, अशी स्थिती झाली. 2017 मध्ये तर सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीचं कामही महामंडळाच्या गळ्यात घातलं. पोलिओची लस आणि सर्पदंशावरचं औषध बनवणारी कंपनी सलाइन आणि यंत्रसामग्रीच्या निविदा काढत बसली. औषधं वेळेवर मिळत नाहीत अशी ओरड झाली आणि शेवटी 2023 मध्ये खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण कायद्याने उभं करावं लागलं. इतकी वर्षं त्यात गेली, त्याचा जाब कुणाला विचारणार?

2021 मध्ये महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी केंद्राने 65 कोटी आणि राज्याने 94 कोटी देऊ केले. वर्षाला 22.8 कोटी डोसांचं उद्दिष्ट जाहीर झालं. साथ ओसरली तरी त्या लशीचा पुरवठा परळहून सुरू झाला नाही. पैसा होता, जागा होती, नावही होतं. पण जिवंत विषाणू हाताळणारी सुरक्षित प्रयोगशाळा आदेश निघाला म्हणून उभी राहत नाही, तिची तयारी साथ नसताना करायची असते. ती तयारी करायला अनेक वर्षं एका जागी ठरून राहणारा माणूस लागतो.

आणि नेमका तोच नसतो. संचालकपद अधूनमधून सनदी अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून जातं. या अधिकाऱ्यांच्या हुशारीबद्दल शंका नाही, मंत्रालयातली फाइल ते आपल्यापेक्षा भराभर हलवतात. पण बदलीचा आदेश खिशात घेऊन वावरणारा माणूस पाच वर्षांनी फळ देणारा संशोधन प्रकल्प कशाला हाती घेईल? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाहा. तिथे संचालकाची निवड खुल्या जाहिरातीने होते आणि विषाणूशास्त्रातला माणूस प्रमुख असतो. मार्च 2020 मध्ये देशात करोनाचा विषाणू वेगळा करण्याचं काम तिथेच झालं. ती केंद्राच्या अखत्यारीतली संस्था, तिच्याकडे साधनं जास्त, हे मान्य. पण जाहिरात काढायला किती साधनं लागतात?

म्हणून सरकारला विनंती आहे की संचालकपदासाठी शास्त्रज्ञाची निवड व्हावी, मुदत पाच वर्षांची असावी आणि पद रिकामं होण्याच्या सहा महिने आधी जाहिरात निघावी. प्रशासनासाठी सनदी अधिकारी जरूर द्यावा, पण त्याने संचालकाच्या हाताखाली काम करावं. नियामक मंडळात बाहेरचे साथरोगतज्ज्ञ असावेत आणि त्याची इतिवृत्तं संकेतस्थळावर टाकावीत. कोव्हॅक्सिन प्रकल्पावर प्रत्यक्षात किती खर्च झाला आणि त्यातून कोणती यंत्रणा आज वापरात आहे, हे वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावं.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई