शाळा जोडायच्या होत्या, मिटवायला कशा निघालात? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांची बैठक, परवा पुन्हा ऑनलाइन माहिती भरण्यातच संपली. सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी सोबत आणलेल्या गणिताच्या उत्तरपत्रिका पिशवीतून बाहेरही निघाल्या नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा संकुलाचे वचन दिले होते : शेजारच्या शाळा शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय वाटून घेतील. २०२३ मध्ये मात्र वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचे, म्हणजे त्या शाळांची मुले एकाच मोठ्या शाळेत नेण्याचे, प्रस्ताव मागवले गेले.

खरे तर त्या वचनाप्रमाणे शाळांचा गट बांधणे अवघड नाही. आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्यायचा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे गाव सोबत येते. मग एसटीच्या एकाच रस्त्यावरच्या पाच-सहा उच्च प्राथमिक शाळा निवडायच्या आणि एकच दुखणे धरायचे. समजा, भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. सगळ्या शाळांत एकाच आठवड्यात तीच दहा गणिते द्यायची आणि गुणांऐवजी चुका मोजायच्या. किती मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला? किती जण लसावि काढताना अडले? पहिल्या चुकीला कागदाच्या घड्या लागतात, दुसरीला पाढे. दोन्हींना एकच उजळणी दिली की महिना वाया जातो. सहा आठवडे शिकवण्यात एकच बदल करून पाहायचा, मधे एकदा एकमेकांच्या वर्गात मागे बसायचे, शेवटी आकडे बदलून तीच गणिते पुन्हा.

वेळापत्रक मात्र मुंबईत बसून ठरवू नका. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, म्हणून पहिली फेरी जुलैतच हवी. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला पोरे आईबापांसोबत जातात. मार्चमध्ये शाळा सकाळची होते, गडचिरोलीत मोहफुले पडू लागतात आणि मुले ती वेचायला जातात. तेव्हाच्या चाचणीत गणितापेक्षा गैरहजेरीच मोजली जाते. मेळघाटात घरी कोरकू, भामरागडात माडिया बोलणाऱ्या मुलांना शाब्दिक उदाहरण एकदा त्यांच्या भाषेत सांगावे, नाहीतर भाषेची अडचण गणिताच्या नावावर चढते.

हे सगळे मोडते ते तुमच्या दारात. केंद्रातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या एका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा प्रभार असतो. शिक्षक शेजारच्या शाळेत गेला की त्याचे वर्ग उघडे पडतात. चुकांचा तक्ता वरच्या कार्यालयाने मागवला आणि जास्त चुकांच्या शाळेला नोटीस गेली, की पुढच्या फेरीत सगळ्यांचीच मुले हुशार! तो गट तिथेच संपतो.

शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयाने, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या शासन निर्णयाने, वीसच्या आतल्या पटाला या वर्गांचे शिक्षकच नाकारले. कायदा सरकारचा, निर्णयही सरकारचा. आम्ही कोणता पाळायचा? माहिती मागणारे दहा, शिकवणारा एक, आणि मुले मागे पडली की दोष त्या एकाचा. ही व्यवस्था शाळेचे ऐकतच नाही, महोदय.

आमचे मागणे एवढेच : महिन्यातला एक शनिवार फक्त गटाच्या कामाला द्या, त्या दिवशी कोणतीही माहिती मागवू नका. शिक्षकांना प्रवासखर्च द्या. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरा. चुकांचा तक्ता गटाबाहेर जाणार नाही आणि त्यावरून कुणावर कारवाई होणार नाही, हे लेखी द्या. हा आदेश शाळा उघडण्यापूर्वी निघाला तरच जुलैची फेरी सुरू होईल.

आपले,
ग्रामीण विदर्भातील उच्च प्राथमिक शाळांचे शिक्षक व पालक