खोली माणसाची की सांडग्यांची?

संपादक महोदय,

घरामागे काचेची खोली बांधायची, तीही रीतसर परवानगी काढून, असे कोणा वाचकाच्या मनात असेल तर त्याने पायाची खडी आणण्याआधी हे पत्र वाचावे. मी बेळगावातल्या अनगोळला राहतो. उद्यमबागच्या एका फाउंड्रीत ३६ वर्षे पॅटर्नमेकर होतो. लाकडाचा नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा निघतो, साच्यात वितळलेले लोखंड पडते. एवढी वर्षे भट्टीशेजारी काढल्यावर ताप म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

आमची आई ८४ वर्षांची. गेल्या वर्षी मे महिन्यात न्हाणीत घसरली. हाड मोडले नाही, पण डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी आहे, औषध घ्या आणि रोज थोडा वेळ उन्हात बसा. गच्चीचा जिना तिला चढवत नाही. त्यात आपल्याकडचा पाऊस. मिरग लागला की गणपतीपर्यंत दोरीवरचे कपडे कुबट आणि भिंतींना बुरशी. तेवढ्यात एका फॅब्रिकेशनवाल्याने मोबाइलवर थंड देशांतल्या ‘सनरूम’चे फोटो दाखवले. बाहेर गुडघाभर बर्फ, आत काचेच्या खोलीत एक म्हातारी आरामखुर्चीवर विणत बसलेली. मी भुललो. बाहेरचा तो बर्फ आपल्याकडे नाही, एवढीच गोष्ट त्या वेळी डोक्यात आली नाही.

“काका, काचेला कसली परवानगी? आठ दिवसांत उभी करून देतो,” असे तो म्हणाला होता. हा समज आपल्याकडे सगळीकडे आहे. पण खाली चौथरा, चार खांब आणि वर छत आले की ते बांधकामच, मग भिंती काचेच्या असोत की विटांच्या. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याप्रमाणे असल्या वाढीव कामालाही आधी मंजुरी घ्यावी लागते. पुढे घर विकायचे झाले, नाहीतर बँकेत गेलो, की पहिला प्रश्न मंजूर नकाशाचाच येतो. म्हणून मी सरळ मार्गाने गेलो.

कार्यालयाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे वाईट नाहीत, टेबले जास्त आहेत. खाता उतारा, सीटीएस (सिटी सर्व्हेचा) उतारा, घरपट्टीची पावती, मूळ घराचा मंजूर नकाशा, इंजिनिअरच्या सहीचा नवा नकाशा. अर्ज कन्नडमध्ये. मी कन्नड बोलतो, फाउंड्रीत आमची भाषा निम्मी कन्नड, निम्मी मराठी अशीच होती. पण सरकारी कन्नड वाचायला शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला रजा काढायला लावावी लागली. (तो मुलगा कन्नड माध्यमाचा, त्यालाही दोन शब्द अडले. तेवढेच मला समाधान.) जूनमध्ये दिलेला अर्ज नोव्हेंबरात मंजूर होऊन हातात आला.

या पाच महिन्यांत टेपने काय काय मोजले गेले म्हणता! चाळीस बाय साठच्या प्लॉटवर कुठल्या बाजूला किती जागा मोकळी सोडायची, चटईक्षेत्र किती, शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती फूट. पूर्वेला रस्ता, दक्षिणेला मोकळी ठेवायची पट्टी, उत्तरेला विहीर. उरले पश्चिमेचे परस. तिथे १२ बाय १० फुटांचा चौकोन काढला, शिक्का बसला. ही खोली काचेची आहे आणि तिचे तोंड पश्चिमेला आहे, हे नकाशावर ठळक लिहिलेले होते. इंजिनिअर, तपासायला आलेले साहेब, कारकून, फॅब्रिकेशनवाला, या चौघांतल्या एकानेही विचारले नाही की इथे दुपारी चार वाजता कोण बसणार आहे? आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

फेब्रुवारीत खोली झाली. तीन बाजूंना काच, वरही काच, छताला चार बाय पाच फुटांच्या सहा टफन (तापवून कडक केलेल्या) काचा. सांधे सिलिकॉनने गच्च बंद. पहिले पंधरा दिवस आई खूश. मार्चच्या मध्यात तिने तिथली खुर्ची आत आणायला सांगितली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे थर्मामीटर टांगला. बाहेर सावलीत ३६, आत पावणेचार वाजता ४७. लाइट गेल्यावर लावायला ठेवलेली मेणबत्ती बशीत कमरेतून वाकून पडली होती. आईने मग कोहळ्याचे सांडगे ताटात घालून तिथे ठेवले. संध्याकाळपर्यंत खडखडीत. ती म्हणाली, “ही खोली माणसाची नव्हे, सांडग्यांची आहे.”

तेव्हा कुठे मी कागद-पेन्सिल घेतली. १२० चौरस फूट म्हणजे अंदाजे ११ चौरस मीटर. उन्हाळ्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडते. छतावर झाले दहा किलोवॅट. साध्या काचेतून त्यातले पाऊण तरी आत उतरते, म्हणजे साडेसात किलोवॅट. घरातली इस्त्री एक किलोवॅटची धरली तर सात-आठ इस्त्र्या चालू करून आईला मधे बसवल्यासारखे. ऊन आत येते ते उजेड होऊन, फरशीवर पडले की त्याचा ताप होतो आणि त्या तापाला काच परत बाहेर जाऊ देत नाही. गरम हवा वर चढते, तर वरून सगळे सिलिकॉनने बंद. एसीवाल्याने दीड टनाचा एसी सुचवला. दीड टन म्हणजे जेमतेम सव्वापाच किलोवॅट ताप बाहेर काढणार. आत येतोय साडेसात, शिवाय पश्चिमेच्या भिंतीतून तिरपा येतो तो वेगळाच. पडदे लावून पाहिले. आतून लावलेला पडदा म्हणजे चोर घरात आल्यावर दाराला कडी.

सूर्याचा हिशेबही तेव्हाच कळला. बेळगाव १५.८५ उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो (ऑगस्टातला ढगांमुळे कोणाला दिसत नाही). जूनमध्ये तर तो उत्तरेकडे झुकतो. डिसेंबरात दुपारी ५० अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेच्या काचेला थंडीत ऊन मिळते आणि उन्हाळ्यात हातभर छज्जा तिला पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र आडवे येते, त्याला कसलाही छज्जा अडवत नाही. काचेचे छत तर आपल्या मुलखात भर मे महिन्यात आपल्या हाताने उघडे करून ठेवलेले डोके. आमच्या दक्षिणेला पाच फूट पट्टी मोकळी सोडायची म्हणून खोली पश्चिमेला गेली. नियमाला जागा दिसते, सूर्य दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते. एप्रिलमध्ये आईला पुन्हा दाखवायला नेले. डॉक्टरांना मोठ्या कौतुकाने सांगितले, उन्हासाठी काचेची खोली बांधली. ते हसले. ज्या किरणांनी कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेमागे बसून माणूस भाजेल, जीवनसत्त्व मिळणार नाही. एवढा खर्च, एवढे कागद आणि जे हवे होते तेवढेच काचेने बाहेर ठेवले.

एप्रिल संपता संपता वळीव आला, गारांचा. रात्री फाडकन आवाज झाला. छताची एक काच फुटून सगळीकडे खडीसाखरेसारखे खडे पसरलेले. आई तिथे निजत नव्हती म्हणून बरे. “टफन आहे काका, हत्ती उभारला तरी काय होत नाही,” हे आश्वासन मी बांधताना ऐकले होते. हत्ती आला नाही, गार आली. टफन काच फुटली तर बारीक तुकडे होतात, मोठे सुरे होत नाहीत हे खरे. पण डोक्यावर लावायची काच लॅमिनेटेड हवी. दोन काचांमध्ये चिकट पडदा असतो, फुटली तरी जागच्या जागी धरून राहते. सांध्यांचे सिलिकॉनही तोवर सुटू लागले होते. ते मात्र मला आधीच कळायला हवे होते. बारा फुटी अल्युमिनियमची पट्टी ४० अंशांनी तापली की तीन मिलिमीटरहून जास्त वाढते आणि रात्री परत आखडते. साच्यात धातू किती आखडेल हे धरून नमुना मोठा करण्यातच माझे आयुष्य गेले. स्वतःच्या घरात विसरलो.

मे महिन्यात छताच्या उरलेल्या काचा काढून मंगळुरी कौले घातली, उजेडापुरती दोन काचेची कौले मधे. दोन्ही बाजूंना कौलांखाली वीतभर जागा वाऱ्याला सोडली. पश्चिमेच्या काचा सरकत्या केल्या आणि बाहेरून, बाहेरूनच, बुरुडाकडून करून घेतलेल्या बांबूच्या चिका सोडल्या. त्याच थर्मामीटरवर त्याच वेळी ३७, बाहेर ३५. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या बंगल्यांना पडवी, लाकडी जाफरी आणि चिका असतात ते मी लहानपणापासून बघत आलोय. शोभा म्हणून बघत होतो.

आता मुद्दा. कौले घालायचे ठरल्यावर मी कार्यालयात विचारायला गेलो. उत्तर मिळाले, मंजूर नकाशात काचेचे छत आहे, बदलायचे तर सुधारित नकाशा द्या, नव्याने अर्ज करा. खोलीची लांबी, रुंदी, उंची, एक इंचही बदलत नव्हते. काच काढून सावली घालण्यासाठी तेच सगळे उतारे पुन्हा. मी अर्ज दिला, पण कौले आधी घातली. मिरग कागदाची वाट पाहत नाही. दंड व्हायचा तर होवो.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. भिंतींतून आणि काचेतून घरात किती ताप यावा याची मर्यादा त्यात आहे. पण निघाली तेव्हा ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी होती. आमचा चाळीस बाय साठ म्हणजे सव्वादोनशे चौरस मीटरही नाही. मोठ्या इमारतींना नियम आहे, आमच्यासारख्यांना फॅब्रिकेशनवाल्याचा मोबाइल आहे.

माझे मागणे फार नाही. नकाशा मंजूर करताना काचेच्या कामासाठी एक पान जोडावे, कन्नडमध्ये आणि मराठीत. काच कुठल्या दिशेला, बाहेरून सावली कशाची, गरम हवा वरून कुठून जाणार, डोक्यावर काच असेल तर लॅमिनेटेड आहे का, एवढे चार प्रश्न. इंजिनिअरने उत्तरे लिहून सही करायची. आणि मापे तीच ठेवून कोणी काचेच्या जागी कौल, चिक किंवा जाळी लावत असेल तर साध्या पत्रावर नोंद व्हावी. हे पान सगळीकडे एकसारखे मात्र नको. खानापूर आणि अथणी एकाच जिल्ह्यात आहेत, पण खानापूरकडच्या कणकुंबीच्या पावसात जे चालते ते अथणीच्या उन्हात माझी बहीण दोन दिवस सहन करणार नाही. तिचे घर पांढऱ्या मातीच्या धाब्याचे आहे आणि माझ्या खोलीची हकीकत ऐकून ती अजून फोनवर हसते.

आई सकाळी साडेनऊला पुढच्या कट्ट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, पाय उन्हात सोडून बसते. मागच्या खोलीत पावसाळाभर कपडे वाळले. सुधारित नकाशाचा अर्ज अजून टेबलावर आहे, त्यामुळे कागदोपत्री आमच्या खोलीला आजही काचेचे छत आहे. त्यातल्या पाच काचा परसात भिंतीला टेकून उभ्या आहेत. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून चार बाय पाच फूट हेच माप ज्याला हवे असेल त्याने न्याव्यात. पैसे नकोत. फक्त छताला लावणार नाही, एवढे कबूल करावे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
अनगोळ, बेळगाव